रक्तातील जंतुदोष : वेळीच निदान, पुरते उपचार

मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत मार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शहरे एकापाठोपाठ वसलेली आहेत. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव लाभले. फर्निचर आणि कपड्यांची शिलाई हे या नगरीचे जुने व्यवसाय. प्राचीन शिवमंदिराच्या अंबरनाथात आयुध निर्माणी आणि औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या, तर एके काळचे लहान गाव असलेले बदलापूर आज चाकरमान्यांचे मोठे शहर बनले आहे. हा सारा श्रमजीवी टापू आहे. येथे शिलाई यंत्राची सुई बोटात शिरते, रंधा मारताना लाकडाची काडी रुतते, यंत्रावर हात खरचटतो. अशा जखमेकडे कोणी फारसे लक्ष देत नाही आणि बहुतेक वेळा ती आपोआप भरूनही येते. परंतु क्वचित प्रसंगी अशाच किरकोळ जखमेतून एक जंतू रक्तात शिरतो आणि धडधाकट माणसाचे प्राण संकटात येतात. हा आजार ओळखावा कसा व त्यावर उपचार कोणते, याची माहिती सर्वांस असणे अगत्याचे आहे.

द्राक्षांच्या घोसासारखा जंतू

स्कॉटलंडमधील ॲबर्डीनचे शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑग्स्टन यांना 1880 च्या सुमारास गळवातील पुवामध्ये सूक्ष्मदर्शकाखाली गोल जंतूंचे पुंजके दिसले. द्राक्षांच्या घोसासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून त्यांनी 1882 साली या जंतूस स्टॅफिलोकॉकस हे नाव दिले. मराठीत त्यास पुंजगोलाणू म्हणतात. त्याच्या अनेक जातींपैकी सर्वांत घातक जात स्टॅफिलोकॉकस ऑरियस ही होय. प्रयोगशाळेत तिच्या वसाहती सोनेरी दिसतात, म्हणून ऑरियस, म्हणजे सुवर्णवर्णी.

हा जंतू काही बाहेरून आलेला परका शत्रू नव्हे. निरोगी माणसांपैकी सुमारे एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश लोकांच्या नाकपुड्यांत तो निरुपद्रवीपणे नांदत असतो. त्वचा अभंग असेतोवर तो काही करू शकत नाही. जखम, गळू, इसब, भाजल्याचा व्रण, सलाईनची सुई किंवा डायलिसिसची नळी यांपैकी कोणतीही वाट मिळाली की तो आत शिरतो. रक्तात पोचल्यावर मात्र तो एका जागी थांबत नाही. हृदयाच्या झडपा, मणके, हाडे, सांधे, फुप्फुसे व मूत्रपिंडे येथे तो ठाणी वसवतो आणि तेथून पुन्हा रक्तात उतरतो. या आजाराचे सारे गांभीर्य या गुणधर्मात आहे.

प्रतिजैविके नव्हती त्या काळातील स्थिती भयावह होती. बॉस्टन शहरातील एका रुग्णालयातील 122 रुग्णांची पाहणी 1941 साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी शेकडा 82 दगावले होते. पुढे पेनिसिलीन आले. आपल्या राज्यात पिंपरी येथे 1954 साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्याची स्थापना होऊन हे औषध देशातच तयार होऊ लागले. तथापि आजही, सर्व साधने हाताशी असताना, या आजाराच्या दर चार-पाच रुग्णांपैकी सुमारे एक रुग्ण दगावतो. म्हणून त्यास सामान्य ताप समजून चालत नाही.

ओळखावे कसे

पावसाळ्यात या भागात ताप आला की प्रथम हिवताप, डेंग्यू वा लेप्टोस्पायरोसिस यांची शंका येते आणि ते योग्यच आहे. पण त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारला गेला पाहिजे : गेल्या काही दिवसांत रुग्णास गळू, केसतूड किंवा पिकलेली जखम झाली होती काय? सलाईन लावलेली जागा लाल होऊन दुखत होती काय? पुष्कळदा ताप येईपर्यंत जखम भरून आलेली असते आणि रुग्ण तिचा उल्लेखही करीत नाही.

हुडहुडी भरून येणारा तीव्र ताप, जलद श्वास, जलद नाडी, अतिशय थकवा, लघवी कमी होणे, रक्तदाब उतरणे आणि भान हरपणे ही धोक्याची लक्षणे होत. तापाबरोबर नव्याने सुरू झालेली पाठदुखी विशेष लक्षात घ्यावी. ती मणक्यात जंतू शिरल्याची खूण असू शकते. मूल ताप येऊन एकाएकी लंगडू लागले किंवा हातपाय हलवू देईनासे झाले, तर हाड अथवा सांधा तपासून घ्यावा. नवजात अर्भक दूध ओढेनासे होते, मलूल पडते. वृद्धांना तर ताप न येता केवळ गुंगी वा असंबद्ध बोलणे एवढेच दिसू शकते. मधुमेही, डायलिसिसवरील रुग्ण, कृत्रिम झडप किंवा कृत्रिम सांधा बसविलेले रुग्ण आणि शिरेतून मादक द्रव्ये टोचून घेणारे यांना हा धोका अधिक असतो.

रक्त आधी, औषध नंतर

या आजाराचे खात्रीचे निदान एकाच चाचणीने होते. तिला रक्त-संवर्धन किंवा ब्लड कल्चर म्हणतात. रुग्णाची त्वचा निर्जंतुक करून दोन वेगवेगळ्या जागांहून रक्त घेतात. प्रौढ व्यक्तीचे प्रत्येक बाटलीत 8 ते 10 मिलिलिटर रक्त घालतात, कारण रक्त अपुरे असल्यास जंतू हाती लागत नाही. बाटल्या उबदार यंत्रात ठेवल्यावर जंतूची वाढ बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांतच दिसू लागते. त्यानंतर कोणते औषध त्यावर चालते हे पाहिले जाते.

हे रक्त प्रतिजैविकाची पहिली मात्रा देण्यापूर्वी घ्यावयाचे असते. औषधांच्या दुकानातून दोन-चार गोळ्या आणून घेतलेल्या रुग्णाच्या रक्तात जंतू दबतो, पण मरत नाही. चाचणी कोरी येते आणि आजार आतल्या आत वाढत राहतो. रुग्णाचा रक्तदाब कोसळला असेल तर मात्र रक्त तातडीने घेऊन तासाभराच्या आत प्रतिजैविक सुरू करावे. चाचणीसाठी औषध अडवून ठेवू नये.

त्वचेवरील इतर पुंजगोलाणू रक्त घेताना बाटलीत मिसळू शकतात. तसे ते एखाद्याच बाटलीत आढळल्यास पुष्कळदा दुर्लक्षिले जातात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस मात्र एका बाटलीत आढळला तरी त्यास खरा रोगकारक मानूनच उपचार करावे लागतात.

उपचारांची चतुःसूत्री

पहिले सूत्र योग्य औषधाचे. पेनिसिलीन आल्यानंतर काही वर्षांतच या जंतूने त्यास निष्प्रभ करणारे द्रव्य कमावले. 1961 साली ब्रिटनमध्ये मेथिसिलीनलाही दाद न देणारे वाण आढळले. तेच आज एम.आर.एस.ए. म्हणून ओळखले जाते. भारतातील मोठ्या रुग्णालयांच्या पाहण्यांत या जंतूच्या दहा नमुन्यांपैकी सुमारे चार नमुने या वाणाचे आढळले आहेत. म्हणून अहवाल येईपर्यंत व्हॅन्कोमायसिनसारखे औषध देतात. जंतू साध्या वाणाचा निघाल्यास सेफॅझोलिन किंवा क्लॉक्सासिलिन गटातील औषधावर यावे, कारण अशा जंतूवर ती व्हॅन्कोमायसिनपेक्षा अधिक गुणकारी आहेत. जंतू प्रतिरोधी असल्यास व्हॅन्कोमायसिन किंवा डॅप्टोमायसिन देतात; मात्र फुप्फुसांच्या जंतुदोषात डॅप्टोमायसिन चालत नाही. व्हॅन्कोमायसिन चालू असताना मूत्रपिंडांवर लक्ष ठेवावे लागते.

दुसरे सूत्र मूळ शोधून काढण्याचे. गळवातील पू काढल्याशिवाय, दूषित नळी बदलल्याशिवाय केवळ औषधाने रक्त शुद्ध होत नाही. तिसरे सूत्र फेरतपासणीचे. दर एक-दोन दिवसांनी पुन्हा रक्त घेऊन ते जंतुमुक्त झाल्याची खात्री करतात. तसेच हृदयाच्या झडपा पाहण्यासाठी इकोकार्डिओग्राफी करतात.

चौथे सूत्र मुदतीचे आणि पुष्कळदा घात होतो तो येथेच. रक्त ज्या दिवशी प्रथम जंतुमुक्त आढळते, त्या दिवसापासून गुंतागुंत नसलेल्या रुग्णास किमान 14 दिवस, तर झडप, मणका वा हाड बाधित असल्यास साधारणतः 4 ते 6 आठवडे उपचार द्यावे लागतात. औषधे बहुतांशी शिरेतूनच दिली जातात. ताप मात्र पुष्कळदा तीन-चार दिवसांतच उतरतो. रोजंदारीवर पोट असलेल्या रुग्णास मग रुग्णालयातील प्रत्येक दिवस बुडालेल्या मजुरीचा वाटतो आणि तो घरी जाऊ पाहतो. काही आठवड्यांनी तोच रुग्ण निकामी झालेली झडप किंवा सडलेला मणका घेऊन परत येतो. ताप उतरणे म्हणजे आजार बरा होणे नव्हे, ही गोष्ट रुग्णास आणि त्याच्या घरच्यांस पहिल्याच दिवशी समजावून सांगणे हादेखील उपचाराचाच भाग होय.

सोयी आणि दक्षता

उल्हासनगर येथील शासकीय मध्यवर्ती रुग्णालय हे या तिन्ही शहरांतील रुग्णांचा मोठा आधार आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार 15 ऑगस्ट 2023 पासून निःशुल्क करण्यात आले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली ठरावीक उपचारांसाठी प्रति कुटुंब प्रति वर्ष 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. तातडीच्या प्रसंगी 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मागविता येते. अंबरनाथच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन 9 ऑक्टोबर 2024 रोजी झाले असून या परिसरात वैद्यकीय शिक्षणाचीही सोय झाली आहे.

प्रतिबंधाचे उपाय साधे आहेत. जखम स्वच्छ पाणी व साबणाने धुवावी आणि कोरड्या पट्टीने झाकावी. तिच्यावर चुना, तंबाखू वा मिश्री लावू नये. गळू पिळू नये, घरच्या सुईने फोडू नये. टॉवेल व वस्तरा प्रत्येकाचा वेगळा असावा. रुग्णालयात सलाईनची सुई टोचलेली जागा रोज पाहावी आणि गरज संपताच सुई काढावी. रुग्णास हात लावण्यापूर्वी व नंतर हात धुणे हा नियम परिचारिकेपासून तज्ज्ञापर्यंत सर्वांस सारखाच लागू आहे. ज्या औषधांच्या पट्टीवर लाल रेषा असते, ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घेऊ नयेत.

बोटावरच्या ओरखड्यास घाबरण्याचे कारण नाही. परंतु ओरखड्यामागून हुडहुडीचा ताप आला, तर गोळी शोधण्यापूर्वी रुग्णालय गाठावे, रक्त तपासून घ्यावे आणि उपचारांची मुदत पुरी होईतोवर खाट सोडू नये. या तीन गोष्टी पाळल्या, तर कितीतरी घरांतील कर्ती माणसे पुन्हा कामावर उभी राहतील.