घरातला धूर

मंडळी, आमची आई चुलीपुढे बसे. डोळे चोळी, खोके. आम्ही म्हणायचो, "हे चालायचंच." ते चालू द्यायचे नव्हते, हे मला फार उशिरा कळले.

ओले सरपण, गोवऱ्या नीट जळत नाहीत. मग धूर होतो. धुरातले बारीक कण फुप्फुसात शिरतात. खोकला, दमा जडतो. लहान मुलांना न्यूमोनिया होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली घरातल्या धुराने जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली.

कोळशाची शेगडी तर फसवी. तिचा धूर दिसत नाही. पण तिच्यातून विषारी वायू निघतो. त्याला ना रंग, ना वास. दारे लावून, शेगडी पेटती ठेवून निजलेला माणूस झोपेतच जातो.

मग काय करायचे?

१. निजायच्या खोलीत शेगडी ठेवू नका. राखेखाली निखारे धुमसतातच.
२. सरपण पावसाआधी वाळवून आडोशाला रचा.
३. चुलीवर धुराडे बसवा. त्याची काजळी वरचेवर काढा.
४. स्वयंपाक करताना दारे-खिडक्या उघडा. तान्हे मूल चुलीपासून लांब ठेवा.
५. २०१६ साली उज्ज्वला योजना निघाली. पुष्कळ घरी गॅस आला. तो पाहुण्यांच्या चहापुरता ठेवू नका. परवडेल तेवढा रोज वापरा.
६. डासांसाठी कॉईलपेक्षा मच्छरदाणी बरी.

आज घरी गेलात की वर वाशांकडे बघा. काजळी दिसते ना? तीच आपल्या छातीतही बसते.