रक्ताची वाट आणि विळ्याची पेशी



नर्सिंगचा डिप्लोमा करून वॉर्डात नवीनच लागले होते तेव्हाची गोष्ट. रात्रपाळीला आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा हातपाय पोटाशी घेऊन ओरडत होता. कुठे मार नाही, जखम नाही. ‘शाळेत जायला नको म्हणून सोंग करतो,’ असे सगळे म्हणाले. मीही त्याला रागावले. त्याची आई हळूच म्हणाली, “सिस्टर, गावात बाहेरचं हाये म्हणतात जी.” दोन दिवसांनी रिपोर्ट आला. सिकलसेल. ते सोंग नव्हते आणि बाहेरचेही नव्हते. त्या मुलाचे रक्त वाटेत अडत होते. ती वाट आज समजून घेऊ.

हृदय आणि दोन फेऱ्या

आपले हृदय आपल्याच मुठीएवढे असते. त्याचे चार कप्पे असतात. वरचे दोन अलिंद, खालचे दोन निलय. शरीरभर फिरून आलेले, प्राणवायू कमी झालेले रक्त उजव्या अलिंदात येते, तिथून उजव्या निलयात आणि पुढे फुप्फुसात जाते. फुप्फुसात प्राणवायू घेऊन ते डाव्या अलिंदात परतते. मग डावे निलय जोराने आकुंचन पावते आणि महाधमनीतून रक्त सगळ्या शरीराला पाठवते. एवढा जोर लावायचा असतो म्हणून डाव्या निलयाची भिंत सर्वांत जाड असते. कप्प्यांच्या दारांना झडपा असतात, त्यामुळे रक्त उलटे फिरत नाही. स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारा ‘लब-डब’ हा त्या झडपा बंद होण्याचा आवाज.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असते. हृदय मिनिटाला सरासरी ७२ वेळा धडधडते आणि प्रत्येक वेळी सुमारे ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलते. हिशेब करून पाहा. मिनिटभरात जवळपास सगळे रक्त एक फेरी पूर्ण करते. दिवसाचे ठोके होतात एक लाखाच्या वर.

खरे काम बारीक गल्लीत

धमन्या हृदयाकडून रक्त नेतात, शिरा ते परत आणतात. पण शरीराला प्राणवायू मिळतो तो या दोघींच्या मधल्या केशवाहिन्यांत. त्या केसापेक्षाही कितीतरी बारीक असतात. तांबडी पेशी ७ ते ८ मायक्रॉन रुंद, आणि काही केशवाहिन्या तिच्याहूनही अरुंद. मग पेशी जाते कशी? ती मऊ असते, दोन्ही बाजूंनी दबलेल्या चकतीसारखी. वाकते, दुमडते आणि एकामागे एक अशी रांगेने पलीकडे निघते. तांबडी पेशी साधारण १२० दिवस हेच काम करते.

या पेशीत हिमोग्लोबिन असते. त्याच्या एका साखळीत १४६ कड्या असतात. सिकलसेलमध्ये त्यातली फक्त सहावी कडी बदललेली असते. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. तेवढ्याने प्राणवायू कमी झाला की हिमोग्लोबिनचे कण एकमेकांना चिकटून काड्या बनतात आणि पेशी कडक, विळ्यासारखी वाकडी होते. अशी पेशी अरुंद गल्लीत अडकते, तिच्यामागे रांग थांबते. पुढच्या हाडाला, सांध्याला प्राणवायू मिळत नाही. हीच ती असह्य वेदना. डॉक्टर तिला ‘क्रायसिस’ म्हणतात.

असेच फुप्फुसात घडले तर दम लागतो, मेंदूत घडले तर लहान वयात लकवा होऊ शकतो. पांथरीत रक्त साचले तर मूल काही तासांत पांढरेफटक पडते. शिवाय विळ्याच्या पेशी १० ते २० दिवसांतच फुटतात, म्हणून रक्त कायम कमी आणि डोळे पिवळट.

आजार येतो कुठून?

हा लागट आजार नाही. आई आणि वडील या दोघांकडून एकेक दोष आला तरच मूल रुग्ण (एसएस) होते. एकाकडूनच आला तर ते वाहक (एएस). वाहकाला सहसा काही त्रास होत नाही, म्हणून त्याला स्वतःलाही ते माहीत नसते. दोन वाहकांचे लग्न झाले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक. पहिले मूल निरोगी निघाले म्हणून दुसऱ्याची शक्यता कमी होत नाही. वाहक आणि निरोगी यांच्या लग्नातून मात्र सिकलसेलचा रुग्ण जन्मत नाही.

विदर्भात हा आजार आदिवासींमध्ये आहे, तसा आपल्या समाजातही मोठ्या प्रमाणात आहे. हे कुणाच्या मागच्या जन्मीचे पाप नव्हे. वाहकांना जीवघेण्या मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते, म्हणून मलेरियाच्या पट्ट्यात हा दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकला. आणि जातीतल्या जातीत लग्ने होत राहिली की दोन वाहक समोरासमोर येण्याची शक्यता वाढते. ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये बाबासाहेबांनी १९३६ सालीच वंशशुद्धीचा दावा खोडून काढला आणि आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय सांगितला. त्यांचे कारण सामाजिक होते, पण आरोग्याचे गणितही त्याच बाजूला झुकते.

आपण काय करायचे?

१. लग्नाआधी मुलगा आणि मुलगी दोघांची तपासणी करा. सोल्युबिलिटी चाचणीत दोष दिसला, तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून वाहक की रुग्ण ते ठरते. १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे. आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.

२. गरोदरपणी पहिल्या तीन महिन्यांतच तपासणी करा. दोघेही वाहक असाल तर लगेच डॉक्टरांचा सल्ला घ्या.

३. रुग्ण मुलाला भरपूर पाणी पाजा, थंडीपासून जपा, फार दमू देऊ नका. दीक्षाभूमीला किंवा ६ डिसेंबरला चैत्यभूमीला नेताना पाण्याची बाटली आणि उबदार कपडे सोबत हवेतच.

४. फॉलिक ॲसिड, हायड्रॉक्सियुरिया आणि लसी डॉक्टर सांगतील तशा न चुकता. रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नका.

५. ताप, छातीत दुखणे, दम लागणे, अचानक फिकट पडणे, तोंड किंवा हात वाकडा होणे यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. लगेच दवाखाना गाठा.

६. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात अर्ज करा. तो आपला हक्क आहे.

शेवटी एक विनंती. रिपोर्ट लपवू नका आणि मुलीच्याच माथी दोष मारू नका. मूल रुग्ण आहे याचा अर्थ दोष दोन्ही घरांतून आला आहे. पुढच्या वर्षावासात विहारात धम्मग्रंथाच्या वाचनानंतर अर्धा तास या विषयाला द्या, तरुण मुलामुलींची यादी करा आणि सगळ्यांनी मिळून तपासणीला जा. ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः तपासून पाहा, हीच तर तथागतांनी कालामांना दिलेली शिकवण. त्या रात्री मी तपासण्याआधीच रागावले होते. तुम्ही तसे करू नका.

नमो बुद्धाय, जय भीम!