ऑइल वरून खाली येते: जुन्या गाडीचे पॅकिंग बदलताना

इंजिनाचे दोन भाग जिथे एकमेकांवर बसतात, तिथे मध्ये एक पातळ, दबणारा थर घातलेला असतो. पुस्तकात त्याला गॅस्केट म्हणतात, जळगाव-धुळ्याच्या गॅरेजात पॅकिंग. धातूचा पृष्ठभाग कितीही गुळगुळीत केला तरी त्यात बारीक उंचसखलपणा राहतोच, आणि गरम ऑइल त्यातून वाट काढते. पॅकिंग दबून ती वाट बुजवते. टॅपेट कव्हरखाली रबराचे किंवा कॉर्कचे पॅकिंग असते, ऑइल चेंबरला कॉर्कचे किंवा नुसत्या सिलिकॉनचे, आणि हेडखाली धातूच्या कड्या बसवलेले जाड पॅकिंग. क्रँक आणि कॅमशाफ्टची टोके फिरती असल्याने तिथे पॅकिंग चालत नाही. तिथे रबरी ओठ असलेले ऑइल सील बसवतात.

रबर उष्णतेने कडक होते, कॉर्क सुकून आकसते. जळगाव-भुसावळच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. बॉनेटखालची उष्णता त्याहून कितीतरी जास्त. पंधरा-वीस वर्षे जुन्या गाडीतले मूळ पॅकिंग काढून वाकवले तर ते वाळक्या सालीसारखे कडकन मोडते. दबायचा गुण संपलेला असतो, नुसता आकार उरलेला असतो. त्यात भर काळ्या मातीच्या धुळीची. पाझरलेल्या ऑइलवर धूळ बसते, त्यावर पुन्हा ऑइल, आणि वर्ष-दोन वर्षांत इंजिनावर बोटभर जाडीची काळी खपली तयार होते. या खपलीखाली गळती कुठून सुरू झाली हे कोणालाही दिसत नाही, आणि बहुतेक चुकीची निदाने इथेच जन्म घेतात.

प्रस्तुत लेखकाच्या घरच्या १९९७ सालच्या मारुती ८०० बाबत हेच घडले. गाडी जळगावची, आठवड्याला एक-दोन फेऱ्या धुळ्याच्या. पंधरा वर्षांची नोंदणी संपून गाडी पुन्हा पास करून घ्यायची वेळ आली, त्या सुमारास अंगणातल्या शहाबादी फरशीवर रोज सकाळी रुपयाएवढा डाग दिसू लागला. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात, त्या घंटेच्या आकाराच्या कवचाच्या तळातून थेंब पडत होता. एका गॅरेजमध्ये जागा पाहताच क्रँकचे मागचे सील गेल्याचे सांगण्यात आले. गिअरबॉक्स उतरवला गेला, सील बदलले गेले, दोन दिवसांची मजुरी लागली. चौथ्या दिवशी फरशीवर तोच डाग, त्याच जागी.

निदान वरवर चुकीचे वाटत नाही. क्रँकचे मागचे सील फाटले तर ऑइल तिथूनच पडते. पण या इंजिनात स्पार्क वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर हेडच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला, कॅमशाफ्टच्या शेवटी बसवलेला आहे. त्याच्या बुडाशी एक रबरी ओ-रिंग असते. ती कडक झाली की ऑइल हेडच्या पाठीवरून उतरते आणि गिअरबॉक्सच्या कवचावरून खाली टपकते. टॅपेट कव्हरचा मागचा कोपरा पाझरला तरी रस्ता हाच. काही रुपयांच्या ओ-रिंगने आणि पॅकिंगने मिटणारे काम गिअरबॉक्स उतरवूनही मिटले नव्हते, कारण गळती जिथे दिसली तिथेच ती शोधली गेली. ऑइल उताराने खाली वाहते आणि गाडी पळताना वाऱ्याने मागे ढकलले जाते. म्हणून शोध नेहमी सर्वांत वरच्या आणि सर्वांत पुढच्या ओल्या जागेपासून सुरू करावा लागतो.

यासाठी आधी इंजिन स्वच्छ हवे. थंड इंजिनावर रॉकेल किंवा डिझेल ब्रशने लावून खपली सुटू द्यायची, लाकडी पट्टीने ती उतरवायची, मग साबणाच्या पाण्याने चिकटपणा घालवायचा. डिस्ट्रिब्युटर, अल्टरनेटर आणि एअर क्लीनरचे तोंड प्लास्टिकच्या पिशवीने बांधून घ्यायचे. टायमिंग बेल्टच्या बाजूला डिझेल उडू द्यायचे नाही, कारण त्याने रबर खराब होते. सर्व्हिस स्टेशनच्या जोरदार फवाऱ्याने हे काम झटपट होते खरे, पण पाणी डिस्ट्रिब्युटरमध्ये शिरले तर गाडी तिथेच अडकते.

इंजिन पूर्ण कोरडे झाले की संशयाच्या सगळ्या जोडांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरायची. लेखकाच्या गाडीवर ही पावडर टाकून गिरणेचा बांभोरीचा पूल ओलांडून पाळधीपर्यंत आणि परत अशी फेरी मारली गेली. बॉनेट उघडल्यावर पांढऱ्या थरावर डिस्ट्रिब्युटरच्या बुडापासून निघालेली, करंगळीच्या नखाएवढ्या रुंदीची तपकिरी रेघ सरळ खाली गेलेली होती. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्याजवळ दुसरी, फिकट रेघ होती. चेंबरभोवतीची पावडर कोरडी होती. दोन दिवसांची मजुरी जे सांगू शकली नव्हती ते अर्ध्या तासाच्या फेरीत दिसले.

जागा सापडली तरी पाना हातात घेण्याआधी एक गोष्ट तपासलीच पाहिजे, आणि तीच सर्वाधिक टाळली जाते. पिस्टनच्या कड्यांमधून थोडा वायू नेहमीच खाली इंजिनाच्या पोटात उतरतो. त्याला बाहेर पडायला टॅपेट कव्हरपासून एअर क्लीनरकडे ब्रीदरचा पाइप असतो. काजळीने तो बुजला तर पोटातला दाब वाढतो आणि जिथे पॅकिंग कमजोर असेल तिथून ऑइल बाहेर ढकलतो. अशा इंजिनात नवे पॅकिंगही काही महिन्यांत पाझरू लागते. लेखकाच्या गाडीचा हा पाइप काढला तेव्हा आत डांबरासारखा गोळा होता आणि पेन्सिलही पलीकडे जात नव्हती. तपासणी सोपी आहे. इंजिन चालू ठेवून ऑइल भरण्याचे झाकण सैल करून नुसते वर ठेवावे. ते थडथड उडू लागले आणि खालून धूर जोराने येत राहिला, तर एकतर ब्रीदर बुजलेला आहे किंवा पिस्टनच्या कड्या झिजल्या आहेत. पाइप साफ करूनही जोर तसाच राहिला आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर प्रश्न पॅकिंगचा नाही, इंजिनकामाचा आहे.

टॅपेट कव्हर काढणे सोपे, पण जुने पॅकिंग खरवडताना घाई महागात पडते. हेड अॅल्युमिनियमचे असते. हॅकसॉ ब्लेडने किंवा छन्नीने खरवडले की त्यावर ओरखडा उठतो आणि तो ओरखडा म्हणजे ऑइलला काढून दिलेला पाट. लेखकाच्या हातून असा एक ओरखडा पडला होता. नवे पॅकिंग बसल्यावरही त्याच रेषेत ओल येत राहिली आणि शेवटी तेवढ्या जागी सिलिकॉनचा बारीक ठिपका द्यावा लागला. लाकडाची किंवा कडक प्लास्टिकची धारदार केलेली पट्टी पुरते. खरवडताना कपचे आत पडू नयेत म्हणून उघड्या भागावर स्वच्छ कापड झाकावे. कव्हर किंवा चेंबर पत्र्याचे असेल तर त्याची कड सपाट काचेवर ठेवून पाहावी. पूर्वी कोणी जोरात आवळले असेल तर बोल्टच्या भोकांजवळचा पत्रा दबलेला असतो. उलट बाजूला लाकडाचा ठोकळा धरून हलक्या हातोडीने तो सरळ करता येतो.

सिलिकॉनची ट्यूब हा गॅरेजमधला हुकमी उपाय, आणि सर्वांत जास्त गैरवापर तिचाच होतो. रबरी पॅकिंगला ती सहसा लागत नाही. फार तर दोन भाग मिळतात त्या कोपऱ्यांवर एक बारीक ठिपका. जाड थर लावला की आवळताना तो आतल्या बाजूलाही बाहेर येतो, तुकडा सुटतो आणि चेंबरमधल्या ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. जाळी बुजली की इंजिनाला ऑइल पोहोचत नाही आणि बेअरिंग जातात. जोडाबाहेर आलेली सिलिकॉनची रेघ ही आतही तेवढेच सुटले असल्याची खूण असते. नुसत्या सिलिकॉनवर बसवलेल्या चेंबरला पूर्ण वाळायला वेळ द्यावा लागतो, ट्यूबवर बहुधा २४ तास लिहिलेले असतात. संध्याकाळी गाडी हवी म्हणून तासाभरात ऑइल भरले तर काम वाया जाते.

आवळणे हा सगळ्यांत नाजूक भाग. गळती थांबत नाही म्हणून अजून एक आटा फिरवण्याचा मोह होतो. छोट्या इंजिनात टॅपेट कव्हरला लागणारा आवळ बहुधा १० न्यूटन-मीटरच्याही आत असतो, म्हणजे चाकाच्या नटाला लागतो त्याच्या दशांशाच्या आसपास. लांब दांड्याच्या गोटीपान्याने हा अंदाज हाताला येत नाही. पॅकिंग पिळून बाहेर येते, फाटते किंवा अॅल्युमिनियममधले आटे जातात. टॉर्क रेंच नसेल तर आखूड दांडी दोन बोटांनी धरून, मधल्या नटापासून कडांकडे, थोडे थोडे दोन-तीन फेऱ्यांत आवळावे.

हेडचे पॅकिंग मात्र घरी किंवा रस्त्याकडेच्या टपरीवर बदलू नये. हेड आणि ब्लॉकच्या जोडावर थोडी ओल असेल आणि रेडिएटरचे पाणी कमी होत नसेल तर लक्ष ठेवून गाडी चालवता येते. ऑइलच्या झाकणाखाली साईसारखा थर दिसला किंवा पाणी घटू लागले तर चालवू नये. खानदेशच्या उन्हाळ्यात एकदा इंजिन तापून बंद पडलेली गाडी असेल तर हेड वाकलेले असण्याची शक्यता मोठी. ते लेथवाल्याकडे पट्टी आणि फीलर गेजने तपासून, गरज असेल तर फेस मारूनच, म्हणजे पृष्ठभाग सपाट करूनच, नवे पॅकिंग घालावे.

प्रत्येक पाझर दुरुस्त करायलाच हवा असे नाही. जोड नुसता ओलसर आहे, थेंब पडत नाही आणि गेजपट्टीवरची पातळी महिनाभर टिकते, तर पुढच्या ऑइल बदलीपर्यंत थांबता येते. दोन ठिकाणी थांबू नये. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर ऑइल पडून जळका वास येत असेल तर आगीचा धोका असतो. टायमिंग बेल्टच्या बाजूचे सील गळत असेल तर ऑइलने भिजलेला बेल्ट फुगतो, दात सोडतो, आणि एरंडोल-पारोळ्याच्या मध्ये कुठेतरी गाडी उभी राहते. जाड ऑइल घालून किंवा गळती थांबवणारे औषध ओतून वेळ मारून नेता येते, पण मोडलेले रबर त्याने जुळत नाही.

काम झाल्यावर इंजिन पुन्हा पुसून घ्यावे आणि गाडीखाली रात्री पांढरा पुठ्ठा ठेवावा. पुठ्ठ्यावर चाकांच्या जागा पेनाने आखल्या तर थेंब कुठल्या भागाखाली पडला हे सकाळी कळते. काढलेले जळके ऑइल नाल्यात किंवा बांधावर ओतू नये, गॅरेजच्या पिंपात द्यावे. कॉर्कचे पॅकिंग घातले असेल तर साधारण ५०० किलोमीटरनंतर थंड इंजिनावर नट एकदा हलके तपासावे लागतात, कारण कॉर्क बसते आणि नट सैल पडतात. रबराच्या पॅकिंगला पुन्हा हात लावायचे कारण पडत नाही.