नव्या कोब्याची ओल आणि घरातले धान्य

उन्हाळ्यात घर पुरे करून मृगाच्या आत राहावयास जायचे, ही आपली जुनी रीत. हैदराबादच्या आसपासच्या खेड्यांत पूर्वी शहाबादी वा तांडूरची फरशी बसवीत; आता पुष्कळ घरांत सिमेंट काँक्रीटचा कोबा घालतात. पंधरवडाभर पाणी मारले, वरचा रंग पांढुरका झाला, की घरधनी म्हणतो, ‘वाळला!’ लगेच ज्वारीची नि भुईमुगाच्या शेंगांची पोती त्यावर रचली जातात. पुढे श्रावणात तळच्या पोत्याला कुबट वास येतो, दाराची चौकट फुगते आणि बोल मात्र गवंड्याला लागतो.

वाचकहो, कोबा घट्ट होणे वेगळे आणि वाळणे वेगळे. सिमेंट पाण्याशी संयोग पावूनच घट्ट होते, म्हणून पाणी मारण्यात काटकसर मुळीच नको. परंतु 50 किलोच्या गोणीस कालवताना 25 ते 30 लिटर पाणी लागते आणि त्यातले सुमारे 12 लिटरच सिमेंटशी कायमचे बांधले जाते. उरलेल्यापैकी बरेचसे कोब्याच्या बारीक छिद्रांतून सावकाश वर येऊन घरातल्या हवेत मिसळते. ठोकताळा असा, की पाणी मारणे थांबल्यावर इंचाला एक महिना धरावा. म्हणजे 4 इंची कोब्याला 4 महिने, आणि तेही कोरड्या हवेत! आषाढ-श्रावणात हवाच पाण्याने जड असते, तेव्हा हे काम जवळजवळ थांबते. म्हणून कोबा वैशाखात न घालता दिवाळीनंतर घालावा, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

वाळला की नाही, हे पाहण्यास खर्च नाही. हातभर प्लॅस्टिकचा कागद कोब्यावर पसरून चारी कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात व दुसऱ्या दिवशी उचलावा. कागदाखाली थेंब जमले असतील किंवा कोबा काळपट दिसला, तर ओल आतली आहे. थेंब कागदाच्या वर असतील, तर दमट हवा गार जमिनीवर निथळते आहे. त्यात कोब्याचा दोष नाही. वर्ष उलटले तरी कागदाखाली ओल येतच राहिली, तर ती बहुधा जमिनीतून चढते. काळ्या मातीत हे फार. त्यावर उपाय कोबा घालण्यापूर्वीचाच: जाड खडीचा थर आणि त्यावर सलग, न फाटलेला जाड प्लॅस्टिकचा कागद. मागाहून वर चकचकीत टाइल्स बसविल्याने ओल झाकते, जात नाही.

ओलीची भीती केवळ वासापुरती नाही. दमेकऱ्यांना बुरशीचा त्रास होतो, तो वेगळाच. 1974 साली राजस्थान-गुजरातच्या सीमेवरील आदिवासी गावांत अवेळी पावसाने भिजलेला, बुरशी धरलेला मका खाऊन 106 माणसे यकृताच्या विकाराने दगावली. हैदराबादच्याच राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याचा शोध घेतला. कारण निघाले अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष. शेंगांनाही ते लवकर धरते आणि शिजवल्याने जात नाही.

तेव्हा पोती फळ्यांवर, भिंतीपासून दीड-दोन फूट दूर ठेवावीत. बुरसटलेल्या शेंगा किंवा त्यांची पेंड गुरांनाही घालू नये; ते विष दुधात उतरते.