घरातलं बीपी मशीन: एका आकड्यावर गोळी बदलू नका


आता बऱ्याच घरांत बीपी मोजायचं मशीन आलंय. शहरात कामाला असलेला मुलगा आई-वडिलांसाठी घेऊन येतो. मशीन उपयोगाचंच आहे. पण एका ताईंच्या घरी काय झालं ते ऐका.

सासूबाई शेतातून चालत आल्या, चहा घेतला आणि लगेच मशीन लावलं. वरचा आकडा आला १७२. सगळे घाबरले. मुलाने रोजची गोळी झालेली असताना आणखी एक दिली. रात्री लघवीला उठताना आजींना चक्कर आली आणि त्या मोरीत पडल्या. नशीब, हाड मोडलं नाही. पुढच्या महिन्यात उलटंच झालं. चार दिवस सलग १२८ च्या आसपास आकडा आला, तर "बीपी गेलं माझं" म्हणून आजींनी गोळीच बंद केली!

दोन्ही वेळा मशीन चुकलं नव्हतं. पहिल्यांदा मोजायची वेळ चुकली. दुसऱ्यांदा आकडा चांगला आला तो गोळी चालू होती म्हणूनच.

मोजायचं कसं?
१. आधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री, विडी नको. कष्टाचं कामही नको. लघवीला जाऊन या.
२. पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसा. पाय जमिनीवर, मांडी किंवा पायावर पाय नको.
३. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या थोडा वर बांधा. घट्ट बाही वर सरकवून ठेवू नका, ती दंड आवळते. हात टेबलावर किंवा उशीवर, छातीच्या उंचीला ठेवा.
४. मोजताना बोलू नका. एक मिनिट थांबून पुन्हा मोजा. दोन्ही आकडे लिहा.

मशीन घेताना दंडावर बांधायचं घ्या. शिवणकामाच्या टेपने दंडाचा घेर मोजा आणि पट्ट्यावर लिहिलेल्या मापात तो बसतो का पाहा. पट्टा लहान पडला तर आकडा उगाच जास्त येतो. मशीन एकदा दवाखान्यात नेऊन तिथल्या मशीनशी ताडून घ्या.

वही ठेवा
गटाचा हिशेब आपण तोंडी ठेवतो का? तसंच हे. तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा, नाडीचे ठोके असे रकाने आखा. डॉक्टरांकडे जायच्या आधी सात दिवस सकाळी गोळी घेण्यापूर्वी आणि संध्याकाळी जेवणापूर्वी मोजा. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल, तर वही डॉक्टरांना दाखवा. वय झालेल्या माणसाचा आकडा किती असावा हे डॉक्टर त्यांची तब्येत बघून ठरवतात. गोळी वाढवणं, कमी करणं, बंद करणं हेही त्यांनीच ठरवायचं. उभं राहिल्यावर चक्कर येत असेल तर तेही वहीत लिहा.

थांबायचं नाही, अशी वेळ
१८०/१२० किंवा त्याहून जास्त आलं, तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. तेवढंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, बोबडी वळणं यातलं काहीही दिसलं, तर आकडा कितीही असो, पुन्हा मोजत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा.

घड्याळाचं काय?
मनगटी स्मार्ट घड्याळ पावलं मोजायला बरं. त्यावरच्या बीपीवर औषध ठरवू नका. बोटाला न टोचता साखर सांगतो म्हणणाऱ्या घड्याळापासून तर लांबच राहा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्येच सांगितलं, की अशा एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मंजुरी दिलेली नाही. चुकीच्या आकड्यावर कोणी इन्सुलिन घेतलं, तर जिवावर बेतू शकतं.

पुढच्या बैठकीसाठी
• आपल्या गटात कोणाच्या घरी मशीन आहे? त्या ताईंनी ते आणावं, आशाताईंना बोलवावं आणि सगळ्यांनी एकदा बरोबर मोजून बघावं.
• कोणाच्या घरी ज्येष्ठांनी मनानेच गोळी बंद केली आहे का? रागावू नका. वही घेऊन त्यांच्यासोबत उपकेंद्रात जा.