शब्दार्थाची अपेक्षा आणि मेंदूतील विद्युत्

आपल्या शास्त्रपरंपरेने वाक्यार्थबोधासाठी आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी अशा तीन अटी सांगितल्या आहेत. ‘तो अग्नीने झाडे शिंपतो’ हे वाक्य व्याकरणात बसते, योग्यतेत बसत नाही. हे न बसणे मेंदूत मोजता येते. साहित्य-अध्यापनासाठी त्याचा काय उपयोग, एवढेच येथे पाहायचे आहे.

मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी १९८० मध्ये ‘सायन्स’मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. डोक्यावर विद्युत्-अग्रे लावलेल्या वाचकांना वाक्यातील एकेक शब्द दाखवला गेला. पावाला मोजे फासल्यासारखा विसंगत शेवट आला, की त्या शब्दानंतर सुमारे ४०० मिलिसेकंदांनी एक ऋण विद्युत्-लहर शिखर गाठते. तिला ‘एन ४००’ म्हणतात. सुसंगत शब्द केवळ मोठ्या टायपात आला, तर ही लहर उठत नाही. एका शब्दाची लहर मेंदूच्या इतर हालचालींत बुडून जाते. म्हणून अनेक वाक्यांची सरासरी काढावी लागते.

याच दोघांनी १९८४ मध्ये दाखवले, की निर्दोष वाक्यातही शब्द जितका अनपेक्षित, तितकी लहर मोठी. मात्र ती खरेखोटे ठरवत नाही. फिशलर आणि सहकाऱ्यांच्या १९८३ च्या प्रयोगात ‘रॉबिन हा वृक्ष नाही’ अशा खऱ्या विधानालाही मोठी लहर आली, कारण रॉबिन आणि वृक्ष यांचे अर्थ दूरचे.

न्यूलँड आणि व्हॅन बर्कम यांचा २००६ चा प्रयोग मला अधिक मोलाचा वाटतो. प्रेमात पडलेल्या शेंगदाण्याची गोष्ट ऐकता ऐकता श्रोता असा रुळतो, की ‘शेंगदाणा खारवलेला होता’ हेच त्याला विसंगत वाटते. म्हणजे योग्यता संदर्भातून घडते. मुक्ताबाईंच्या कूट रचना शिकवताना आपण हाच संदर्भ उभा करत असतो.

सुरतेत हा प्रश्न रोजचा आहे. लिंबायत, उधना भागांतील खानदेशी घरांतली मुले दोन भाषांत वावरतात. गुजराती ‘नवरो’ म्हणजे रिकामा, मोकळा. मराठी ‘नवरा’ म्हणजे पती. कोणता अर्थ आधी जागा होईल, हे आधीच्या शब्दांवर आणि घरच्या बोलीवर अवलंबून असते.

त्यासाठी शिक्षकाला यंत्र नको. अपेक्षा मोजण्याचे संशोधकांचे साधन म्हणजे आपले ‘रिकाम्या जागा भरा’च आहे, किती जणांनी तोच शब्द लिहिला, ते मोजायचे. ‘आईने तव्यावर ___ भाजली’ येथे भाकरी, पोळी, रोटली अशी उत्तरे येतील. एकाला बरोबर ठरवून बाकीची खोडू नयेत. तिन्ही फळ्यावर लिहावीत. मुलाने धड्याबाहेरचा शब्द लिहिला म्हणजे त्याला अर्थ कळला नाही, असे होत नाही. त्याची अपेक्षा वेगळ्या घरात घडली आहे, आणि धडा तिथूनच सुरू व्हायला हवा.