सज्जा व कुंपण उतरविण्याचा ठेका : आधी मोजणी, मग मजुरी

गडचिरोली, आलापल्ली, वडसा या भागात जुनी कवेलूची घरे व दुकाने उतरवून सिमेंटची बांधकामे होत आहेत. कोणी रस्त्याकडचा लाकडी सज्जा काढतो, कोणी आवाराचे कुंपण. अशा वेळी गावातला ठेकेदार म्हणतो, "मजुरी नको, निघेल तो माल आमचा." सौदा सोपा वाटतो. पण लाकूड उत्तम सागवान निघाले तर मालक नाडला जातो आणि आतून वाळवीने पोखरलेले निघाले तर ठेकेदार बुडतो. माल न पाहता ठरविलेल्या अशा अंधाऱ्या सौद्याला शरीअतने 'गरर' म्हटले आहे व त्यापासून रोखले आहे. म्हणून व्यापारी व कारागीर बंधूंनी पुढील बाबी ध्यानात घ्याव्यात.

१) मालाची मोजणी : प्रत्येक मयाल, खांब व फळी दोघांनी मिळून मोजावी. 12 फूट लांब, 6 इंच रुंद व 4 इंच जाड मयाल म्हणजे 2 घनफूट लाकूड. अशा 8 मयाली असतील तर 16 घनफूट झाले. टोकांना टोचा मारून कुजकट भाग वजा करावा. मग बाजारभावाने मालाची किंमत वेगळी व मजुरी वेगळी मांडावी. वजाबाकी करून कोणी कोणाला किती द्यायचे ते ठरवावे. शक्यतो दोन-तीन ठेकेदारांचे भाव घ्यावेत.

२) लेखी करार : सूरह बकरहच्या 282 व्या आयतीत मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा व साक्षीदार करण्याचा आदेश आहे. कामाची मुदत, हप्ते, मलबा कोण उचलणार, शेजाऱ्याची भिंत तडकली तर भरपाई कोण देणार, मजूर जखमी झाला तर उपचाराचा खर्च कोणाचा, हे सर्व कागदावर यावे. ओळखीच्या माणसाशी तर आवर्जून लिहावे. त्याने मैत्री टिकते.

३) वनकायद्याची काळजी : आपला जिल्हा जंगलाचा आहे. भारतीय वन अधिनियम 1927 मध्ये 'इमारती लाकूड' या शब्दात कापलेले व घडविलेले लाकूडही येते. त्याच कायद्याच्या कलम 69 नुसार वाद उत्पन्न झाल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, वनोपज सरकारची मानली जाते. वनगुन्ह्याचा संशय आल्यास मालाबरोबर वाहनही जप्त होऊ शकते. तेव्हा उतरविण्यापूर्वी इमारतीचे फोटो काढावेत, घरपट्टीच्या जुन्या पावत्या व मोजणीची यादी जवळ ठेवावी आणि लाकूड गाडीत भरण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात वाहतुकीबाबत विचारून घ्यावे. जुने सागवान विकत घेणाऱ्या सुतार बंधूंनीही ही कागदपत्रे मागून घ्यावीत.

४) कुंपण : ताणलेली काटेरी तार एकदम तोडली तर उसळून डोळ्याला लागते. आधी ताण सैल करावा, मग गुंडाळी करावी. खांब उपटल्यावर खड्डे त्याच दिवशी बुजवावेत. हद्दीच्या निशाणींना मात्र हात लावू नये; त्या नष्ट करणे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 प्रमाणे दंडनीय आहे. हद्दीचा वाद असेल तर आधी भूमि अभिलेख खात्याकडून मोजणी करून घ्यावी व शेजाऱ्यासमक्ष काम करावे.

५) कामाचा क्रम : प्रथम वीजजोडणी बंद करून घ्यावी. मग वरून खाली यावे : कवेलू, फाटे, फळ्या, मयाली व शेवटी खांब. खांब आधी हलविला की वरचा भार मजुराच्या अंगावर येतो. खाली रस्ता असेल तर दोर बांधून वाट अडवावी.

शेवटची बाब मजुरीची. मजुराचा घाम सुकण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी, अशी हुजूर (स.) यांची शिकवण आहे. ठेकेदाराचा हिशेब अडला तरी मजुराचा दिवस अडू नये. मोजणी, कागद व वेळेवर मजुरी या तीन गोष्टी पाळल्या तर मालक व ठेकेदार दोघांचीही कमाई हलाल राहील आणि पुढचे काम आपोआप दारी येईल, इन्शाअल्लाह.